उपचाराचा खर्च आणि दोन तालुक्यांचे म्हणणे

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने एका सावकाराला वाळीत टाकले. त्याने गावच्या देशमुखांवर कोर्टाचा हुकूमनामा आणला होता. त्याच्या शेतात कोणी राबायचे नाही, त्याच्या घरी कोणी पाणी भरायचे नाही, न्हाव्याने त्याची हजामत करायची नाही, असे गावाने एकमुखाने ठरवले. पाच महिन्यांनी, १२ मे १८७५ रोजी, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात सावकारांची खतपत्रे जळाली आणि दंगा दोन्ही तालुक्यांत गावोगाव पसरला. आजचा दौंड हा त्या जुन्या भीमथडीचाच मुलूख. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला, आयोगाने गावकऱ्यांच्या जबान्या घेतल्या आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाचा वेगळा कायदा आला. कायदा पुरेसा होता की नाही, हा वाद इतिहासकारांचा. पण भीमा आणि घोडनदीच्या काठची माणसे कर्जाबद्दल काय म्हणतात, हे तेव्हाच्या परक्या सरकारलाही लिहून घ्यावे लागले होते.

विषय आरोग्य विम्याचा आणि सुरुवात सावकारीची, याला कारण आहे. आजही या दोन तालुक्यांत विम्याबद्दल कोणाला बोलते केले, की बोलणे लगेच कर्जावर येते. उसाचे बिल आले होते ते दवाखान्यात गेले. सोसायटीचे नवे-जुने करायचे राहिले. पतसंस्थेत सोने ठेवले. मेहुण्याकडून उसने घेतले आणि दोन घरांतले येणे-जाणे कमी झाले. कांदा पडला तर पुढच्या हंगामात सावरता येईल अशी आशा असते, पण घरातल्या कर्त्या माणसाच्या हृदयाची शस्त्रक्रिया निघाली तर तीन हंगाम मागे जातात, आणि हे हिशेब इथल्या बायकांना पुरुषांपेक्षा जास्त अचूक पाठ असतात. म्हणून आरोग्य विमा ही इथे विमा कंपन्यांची किंवा अर्थसंकल्पाची बाब राहत नाही, ती शेती आणि सोयरीक टिकण्या-न टिकण्याची बाब होते. पुढील पाने या मतांसाठी आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे, की सरकारी आरोग्य विम्यावर या माणसांचे ठाम, अनुभवावर घासून तयार झालेले मत आहे आणि ते ऐकून घेण्याची जागा मात्र आपण तयार केलेली नाही.

आधी योजनेचा इतिहास, थोडक्यात. महाराष्ट्रात १९९७ पासून जीवनदायी नावाची योजना होती, मोजक्याच मोठ्या शस्त्रक्रियांसाठी. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत पुणे नव्हते. शिरूर-दौंडपर्यंत ती पोचली नोव्हेंबर २०१३ मध्ये, संपूर्ण राज्याबरोबर. वर्षाला कुटुंबामागे दीड लाख रुपयांचे संरक्षण, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख, आणि ९०० हून अधिक उपचारांची यादी. १ एप्रिल २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २३ सप्टेंबर २०१८ ला रांचीत केंद्राच्या आयुष्मान भारतचे उद्घाटन झाले, पाच लाखांचे. एप्रिल २०२० मध्ये राज्याने दोन्ही योजना एकत्र जोडल्या. करोनाच्या काळात, मे २०२० मध्ये, राज्याने ही योजना सगळ्या नागरिकांना तात्पुरती खुली केली. पुढे २०२३ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने संरक्षण पाच लाखांवर नेण्याचा आणि सर्व शिधापत्रिकाधारकांना सामावून घेण्याचा निर्णय घेतला. तो १ जुलै २०२४ पासून अमलात आला. उपचारांची यादी १,३५६ वर गेली आणि २०२५ मध्ये ती २,३९९ पर्यंत वाढवायचे ठरले. २०२४ च्या ऑक्टोबरात सत्तरी ओलांडलेल्यांसाठी, उत्पन्न न पाहता, आयुष्मानचे वेगळे कार्ड आले.

कागदावर पाहिले तर हा प्रवास मोठाच आहे आणि त्याला कमी लेखण्याची माझी इच्छा नाही. डायलिसिसवर असलेल्या माणसाला हे कार्ड म्हणजे आयुष्याची पुढची वर्षे आहेत. कर्करोगाची केमोथेरपी, बायपास, अपघातात मोडलेल्या हाडांची शस्त्रक्रिया, लहान मुलांच्या हृदयाचे छिद्र: यांपैकी एकेका आजाराने पूर्वी घर बसत असे. कोणत्याही पक्षाला मत देणाऱ्या माणसाशी बोला, ही योजना बंद करा असे कोणी म्हणत नाही. लोकांचे म्हणणे सुरू होते ते याच्या पुढे.

पहिला मुद्दा शिधापत्रिकेचा. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तीन रंगांची रेशनकार्डे आली: पिवळे, केशरी आणि पांढरे. वार्षिक उत्पन्न पंधरा हजारांपर्यंत असेल तर पिवळे, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी, एक लाखाच्या वर पांढरे. ती लाखाची रेघ अजून तिथेच आहे. १९९९ मध्ये लाख रुपये म्हणजे काय होते आणि आज काय आहेत, हे रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटावर लागलेल्या मुलाच्या आईला सांगावे लागत नाही. मुलाला महिना पंधरा हजार मिळू लागले की घर कागदोपत्री श्रीमंत होते. म्हणून नोकरी लागल्याचा पेढा वाटताना दुसरीकडे केशरी कार्ड जाईल की काय अशी धास्ती असायची. सुरुवातीची अनेक वर्षे योजना पिवळ्या आणि केशरी कार्डांपुरती होती. पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना सामावून घेतले ते मराठवाडा-विदर्भातल्या चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत. पुणे जिल्हा त्या यादीत बसला नाही. चासकमानचे पाणी न पोचणाऱ्या शिरूरच्या माळावरचा कोरडवाहू शेतकरी आणि हडपसरचा सदनिकाधारक एकाच 'पुणे जिल्हा' या नावाखाली सुखवस्तू ठरले. जिल्ह्याच्या सरासरीने केलेला हा अन्याय लोकांनी दहा वर्षे सोसला. २०२४ नंतर रंगाची भिंत पडली ही फार चांगली गोष्ट झाली, पण पडल्याची बातमी अजून सगळ्या वाड्या-वस्त्यांवर पोचलेली नाही. 'आमचं पांढरं हाय, आम्हाला नाय मिळत' असे सांगणारी माणसे आजही भेटतात, आणि ती दवाखान्यात विचारायलाही जात नाहीत.

जे जातात त्यांचा प्रश्न वेगळा. कार्डावरचा बारा अंकी क्रमांक ऑनलाइन दिसतो का, सून लग्नानंतर या घरच्या कार्डात आली का, माहेरच्या कार्डातून तिचे नाव कमी झाले का, आधारवरचे नाव आणि कार्डावरचे नाव जुळते का. तहसील कचेरीत हे काम चार-सहा खेपांचे असते आणि त्याची आठवण येते ती रुग्ण आत घेतल्यावर. धोरण लिहिणाऱ्यांनी पाच लाखांचा आकडा ठरवायला जेवढा विचार केला, त्याच्या निम्मा विचार जरी नाव जोडण्या-काढण्याच्या कामाचा केला असता, तरी या दोन तालुक्यांचे निम्मे गाऱ्हाणे मिटले असते असे मला वाटते.

दौंड शहराकडे पाहिले की भारतातल्या आरोग्य विम्याचा सगळा पट एका गावात उलगडतो. इथे एकाच मांडवात वेगवेगळ्या पंगती बसल्या आहेत. रेल्वेच्या नोकरदाराला रेल्वेची स्वतःची आरोग्यसेवा, निवृत्तीनंतरही. राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानाला पोलीस कुटुंब आरोग्य योजना. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यातल्या कामगाराला १९४८ च्या कायद्याने सुरू झालेला राज्य कामगार विमा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो. पण मासिक वेतन एकवीस हजारांच्या आत असेल तरच, आणि ही मर्यादा २०१७ पासून तशीच आहे. बाजारपेठेतल्या व्यापाऱ्याकडे खासगी मेडिक्लेम. त्याच्या हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला, याचे त्याला समाधान आहे. शेतकरी, मजूर, टपरीवाला यांना सरकारी योजना. आणि साखर कारखान्याच्या फडात बीडकडून आलेली ऊसतोडणी टोळी. तिचे रेशनकार्ड गावाकडे, माणसे पाचटाच्या कोप्यात. नियमाप्रमाणे योजना त्यांना इथेही लागू आहे, पण हे त्यांना सांगणारे फडावर कोणी येत नाही. ईएसआयचा पगारातून कापला जाणारा वाटा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के. हे पैसे दर महिन्याला जातात, म्हणून कुरकुंभ, रांजणगाव किंवा सणसवाडीचा कामगार आपल्या विम्याबद्दल हक्काने आणि रागानेही बोलतो. मोठ्या उपचारासाठी बिबवेवाडीच्या रुग्णालयापर्यंत जावे लागते तेव्हा तो हिशेब मागतो. शेतकरी तसा हिशेब मागत नाही, कारण आपण काही भरलेले नाही असे त्याला वाटते. वास्तविक तोही भरतो. डिझेलवर, खतावर, साबणावर कर भरतो, आणि योजनेचा पैसा तिथूनच येतो. पण ते कापलेले दिसत नाही.

मग अंतराचा प्रश्न. दौंडच्या माणसाला पुणे म्हणजे रेल्वे, आणि पुणे स्टेशनच्या बाहेर पडले की जवळच ससून. १८६७ साली उघडलेले हे रुग्णालय आणि लोहमार्ग यांच्या शेजारामुळे दौंड, केडगाव, यवतकडच्या पिढ्यान् पिढ्या ससूनच्या झाल्या. ससूनबद्दल तक्रारी भरपूर, तरी 'शेवटी ससून हाय' हा आधार मोठा. शिरूरला असा आधार नाही. तिथून पुण्याला जायचे तर नगर रस्ता: शिक्रापूर, कोरेगाव भीमा, वाघोली, आणि प्रत्येक ठिकाणची कोंडी. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे, तिने अनेक जीव वाचवले. पण रुग्णवाहिका ज्या रस्त्याने जाते त्या रस्त्याच्या दुतर्फा खासगी रुग्णालयांच्या पाट्या आहेत आणि रात्री दोन वाजता छातीत कळ आलेल्या माणसाला घेऊन निघालेले नातेवाईक त्यातली कोणती पाटी योजनेत आहे हे पाहू शकत नाहीत. दारात पहिला प्रश्न त्यांचा असतो, 'कार्ड चालतं का?' आणि दुसरा समोरून येतो, डिपॉझिटचा. योजनेतल्या रुग्णालयात पात्र रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत, तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो, तक्रार करता येते. हे सगळे खरे आहे. ते माहीत असलेला माणूस त्या क्षणी सोबत असणे हा मात्र नशिबाचा भाग आहे.

इथेच एक माणूस उभा राहतो: पुढाऱ्याच्या कार्यालयातला कार्यकर्ता. तो फोन लावतो, आमदाराचे पत्र आणतो, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज भरून देतो, धर्मादाय रुग्णालयातली राखीव खाट शोधतो. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, ही मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली व्यवस्था आहे. ती हक्क आहे. पण माणसाला ती मिळते उपकार म्हणून. या कार्यकर्त्यांना मी नावे ठेवणार नाही. रात्री-बेरात्री धावणारी ती मुले नसती तर अनेक घरांवर प्रसंग ओढवला असता. पण त्यामुळे लोकमताला एक वळण लागते ते फार खोलवरचे आहे. ज्याच्या फोनवर आईचे ऑपरेशन झाले त्याच्याबद्दल माणूस आयुष्यभर कृतज्ञ राहतो, आणि कृतज्ञ माणूस तक्रार करत नाही. मत मागायला आलेल्याला तो 'योजना चांगली' एवढेच सांगतो. आत काय काय घडले, कोणत्या तपासणीचे पैसे वेगळे घेतले, ते त्याच्या पोटातच राहते. म्हणून मते गोळा करताना 'समाधानी आहात का' हा प्रश्न मला निरुपयोगी वाटतो. 'घरातून किती पैसे गेले आणि ते कुठून आणले' हा प्रश्न विचारला की माणूस खरे बोलू लागतो.

आणि त्या हिशेबात मोठा भाग अशा खर्चाचा निघतो, ज्याला ही योजना हातच लावत नाही. रक्तदाबाची रोजची गोळी, साखरेची तपासणी, गुडघ्याचे इंजेक्शन, लेकराच्या तापाचे सलाइन, चार वेळा काढलेली सोनोग्राफी. खाटेवर दाखल झाल्याशिवाय विमा सुरू होत नाही. देशात आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, असे केंद्राचे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. घट मोठी आहे. पण उरलेला वाटा कसला आहे हे मांडवगण फराट्याच्या औषध दुकानासमोर अर्धा तास उभे राहिले तरी कळते. रक्तदाबाची गोळी परवडत नाही म्हणून सोडलेला माणूस पाच वर्षांनी पक्षाघात होऊन येतो, तेव्हा विमा त्याच्यासाठी लाखभर रुपये द्यायला तयार असतो. हा पैसा उशिरा दिलेला पैसा आहे. सुधारणेची चर्चा जोवर फक्त संरक्षणाची रक्कम वाढवण्याभोवती फिरते, तोवर ती गावच्या खऱ्या खर्चाला बगल देते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्पदंशाचे उदाहरण घ्या. उसाचे फड, बिबट्याच्या भीतीने लवकर बंद होणारी दारे आणि रात्रीची वीज आली की पाण्याला जाणारा शेतकरी, हे दोन्ही तालुक्यांचे वास्तव. घोणस किंवा नाग चावला तर पाच लाखांचे कार्ड कामाचे नाही, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष आणि ते टोचायची हिंमत असलेला डॉक्टर हवा. शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊत यांनी हेच काम वर्षानुवर्षे करून दाखवले. आणि शिरूर तालुक्याने तर याहून मोठा प्रयोग पाहिला आहे. वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका केले, घरोघरची माहिती ठेवली, बाळंतपणे आणि लसीकरण गावाच्या दारात आणले. या कामासाठी १९९३ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या व्यवस्थेत विम्याचे कार्ड नव्हते. आजार वाढण्याआधी दार ठोठावणारी बाई होती. शिरूरच्या पश्चिम पट्ट्यातल्या जुन्या माणसांची मते या अनुभवाने घडलेली आहेत. 'आधी दवाखाना नीट करा, मग कार्ड द्या' हे वाक्य तिकडे वारंवार येते.

उलट मतही तितकेच जोरकस आहे आणि ते बहुधा तरुणांचे. सरकारी दवाखान्याची वाट पाहण्यात आमच्या बापाचे आयुष्य गेले, आता आम्हाला खासगीत जायचा हक्क मिळाला आहे तो काढून घेऊ नका, असे ते म्हणतात. त्यांचे चुकते असे मी म्हणू शकत नाही. तिसरा एक गट आहे, दूध आणि साखरेच्या सहकारात वाढलेला. त्याचे म्हणणे, फुकट नको, वर्षाला ठरावीक वर्गणी घ्या पण मग आमचे ऐका. शेजारच्या कर्नाटकात सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी यशस्विनी योजना २००३ पासून अशाच वर्गणीवर चालली. आपल्याकडे वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉ. उल्हास जाजू यांनी १९८० च्या सुमारास गावांचा विमा उभा केला. हप्ता ज्वारीचा, तोही सुगीत, आणि ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त. गावातली बहुसंख्य घरे आली तरच गाव विम्यात. कोणाला किती जमते हे ग्रामसभेत ठरायचे, रुग्णालयाबद्दलच्या तक्रारीही तिथेच निघायच्या. सगळ्या राज्याला ज्वारीचा हप्ता लावा असे मी सुचवत नाही. पण ज्या विम्याच्या सभेत माणूस उभा राहून बोलू शकतो तो विमा त्याला आपला वाटतो, हे सेवाग्रामने चाळीस वर्षांपूर्वी दाखवले.

आजच्या योजनेत ती सभा कुठे आहे? निर्णय मुंबईत वरळीच्या राज्य आरोग्य हमी सोसायटीत आणि दिल्लीच्या राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणात होतात. दीड लाखांपर्यंतचा भार विमा कंपनीवर आणि त्यावरचा थेट सोसायटीवर, अशी मिश्र पद्धत ठरली तेव्हा तालुक्यात कोणाला विचारले नाही, कदाचित विचारण्याची गरजही नव्हती. पण कोणते रुग्णालय योजनेत हवे, कोणत्या उपचाराला पैसे मागितले जातात, कोणाचे नाव कार्डात अडकले आहे, हे फक्त तालुकाच सांगू शकतो. थायलंडने २००२ मध्ये सर्वांसाठी आरोग्य संरक्षणाचा कायदा केला, तेव्हा दर वर्षी लोकांची आणि डॉक्टरांचीही जाहीर सुनावणी घेणे कायद्यातच घातले. आपल्याला इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली, आणि ज्या पाच जिल्ह्यांत तिची सुरुवात झाली त्यांत पुणे जिल्हा होता. आरोग्य केंद्राच्या अंगणात जनसुनवाई भरायची, औषधे का नाहीत, बाळंतिणीकडून पैसे का घेतले, असे प्रश्न अधिकाऱ्यांसमोर उभे राहून विचारले जायचे, आणि अनेक ठिकाणी उत्तरे मिळायची. ती सुनावणी सरकारी केंद्रांपुरती राहिली. आता सरकारचा पैसा खासगी रुग्णालयांतही जातो, मग सुनावणीही त्याच्या मागोमाग तिथे गेली पाहिजे. शिरूरला घोडनदीच्या बाजाराच्या आदल्या दिवशी आणि दौंडला एखाद्या रविवारी, वर्षातून एकदा, तालुक्यातून योजनेत किती माणसे दाखल झाली, किती अर्ज नाकारले, कोणत्या कारणाने, हे फळ्यावर लिहून सोसायटीच्या अधिकाऱ्याने लोकांसमोर बसावे. याला नव्या कायद्याची गरज नाही, एक परिपत्रक पुरेल.

डॉक्टरांची बाजू पुढे स्वतंत्र भागात घेतली आहे आणि ती वाचल्याशिवाय वाचकाने मत बनवू नये अशी माझी विनंती आहे. तालुक्याच्या गावी वीस-पंचवीस खाटांचे रुग्णालय चालवणारा शल्यविशारद योजनेत यायला का कचरतो, ठरलेल्या पॅकेजमध्ये भूलतज्ज्ञाचे आणि रोपणाचे पैसे कसे बसवायचे, झालेल्या कामाचे देणे महिनोन्महिने अडकले तर परिचारिकांचा पगार कुठून द्यायचा, हे प्रश्न खरे आहेत. रुग्ण आणि डॉक्टर यांची गाऱ्हाणी समोरासमोर ठेवली की अनेक ठिकाणी ती एकाच टेबलाशी जाऊन थांबतात, आणि ते टेबल शिरूरमध्येही नाही आणि दौंडमध्येही नाही.